वैजू, तुझी चुरी भाजली

वैजू,

तुझ्या शोकसभेत कॉलेजच्या लोकांनी तुला पार चंद्रावर नेऊन बसवलं. एक जण म्हणाला, मॅडमनी वर्धा जिल्ह्याचं नाव आकाशात नेलं. दुसऱ्याने तुला तपस्विनी म्हटलं. तपस्विनी! दर शनिवारी वर्ध्याहून येऊन, माझ्या ऑफिसच्या खुर्चीवर मांडी घालून, अख्खा चिवड्याचा डबा रिकामा करणारी तपस्विनी. मला हसू फुटलं आणि तुझ्या दादांनी कोपराने ढोसलं. मग मला रडू आलं, तेव्हा ढोसायला कोणी नव्हतं, कारण तेही रडत होते.

मला बोला म्हणाले, मी उठले नाही. माझ्याजवळ जे बोलायला आहे ते माइकवर बोलण्यासारखं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. चार दिवसांच्या तापात तू उठून गेलीस आणि ते भांडण माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलीस. मी अजून रागावलेली आहे तुझ्यावर. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मंडप सुटला, राग काही सुटत नाही. एका जागी बसवत नाही. क्रशरच्या ऑफिसात बसले की मागच्या शेडकडे जावंसं वाटतं, आणि शेडमध्ये गेले की तुझं ते यंत्र पाहून बाहेर पळावंसं वाटतं. हे लिहितानाही मधून दोनदा उठले.

तू शाळेत होतीस तेव्हा मी समुद्रपूरहून या घरात आले. माहेरी कापसाचा व्यापार, सासरी गिट्टीचा. 'मऊ घरातून कडक घरात आली वहिनी,' असं तू पहिल्याच आठवड्यात म्हणाली होतीस, आणि ते सगळ्या नातेवाइकांत पसरलं. कारंज्याबाहेर हायवेला लागून घर, घराला लागून क्रशर, क्रशरमागे खदान. सकाळी चहात गिट्टीची धूळ, संध्याकाळी उशीवर गिट्टीची धूळ. मी बी.कॉम. झालेली, पण या घरात मला कोणी कधी कशाबद्दल 'तुला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. तू विचारायचीस. तू इंजिनिअर झालीस, शिकवायला लागलीस, तरी विचारायचीस. आणि मी काही बोलले की त्यातली चूक काढायचीस. कोणी आपली चूक काढावी इतकं आपलं बोलणं ऐकावं, हे सुख मला तुझ्याकडून मिळालं. ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, पण सांगते.

पहिलं भांडण खदानीतच झालं. तू फुटलेला काळा दगड हातात घेऊन आलीस.

"वहिनी, चंद्रावर जे काळे डाग दिसतेत ना, तो याच जातीचा दगड हाय. आपल्या क्रशरची बारीक चुरी म्हंजे समज चंद्राचीच माती."

"मंग चंद्रावर काऊन जातेत? अथीचा दगड सरला का?"

तू कपाळाला हात लावलास. "अवो, आणाचं नाई हाय. तिथलं तिथंच वापराचं हाय. तू लग्न होऊन आली तवा समुद्रपूरची विहीर संगं आणलती का?"

मग सांगितलंस. इथून एक घागर पाणी वर न्यायचं तर ते नेण्यासाठीच इतकं इंधन जाळावं लागतं की पाण्यापेक्षा नेणंच जड. चंद्राच्या टोकाला खोल खड्ड्यांत मातीत मिसळलेला बर्फ आहे. तो काढता आला तर प्यायला पाणी, श्वासाला हवा, रॉकेटला इंधन, सगळं तिथेच होईल. मला पटलं, पण पटलं असं म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती. मी दुसरीकडून शिरले.

दगडाचं काम म्हणजे आधी विजेचं काम, एवढं या घरात सगळ्यांना कळतं. लाइन गेली की क्रशरचा जबडा दगड तोंडात धरून तसाच उभा राहतो, आणि लाइन आली तरी आधी तो दगड हाताने काढल्याशिवाय जबडा हलत नाही. म्हणून मी विचारलं, "वर लाइन कोण देते?"

तुझा चेहरा असा उजळला, जणू मी तुझ्या लग्नाचं स्थळ सोडून पहिल्यांदाच काहीतरी कामाचं बोलले. तू खुर्चीत सरसावून बसलीस. तिथे पंधरवडाभर दिवस आणि पंधरवडाभर रात्र. रात्री अशी थंडी की बॅटरी मरते, वंगण गोठतं. आणि बर्फ आहे तो नेमका जिथे सूर्य कधी पोचलाच नाही अशा खड्ड्यांत.

"म्हंजे पाय, जिथं माल तिथं ऊन नाई, आन् जिथं ऊन तिथं माल नाई."

"मंग काठावरून वायर सोडा ना खाली."

मला वाटलं, फार येडपटासारखं बोलले. तर तू म्हणालीस, यावर मोठमोठी माणसं खरंच डोकं फोडून राहिली आहेत. पण त्या थंडीत वायरचं वेष्टन तडकतं, अंतर काही कोसांचं, आणि धूळ सगळ्यात घुसते. कोणी काठावर आरसे लावून खाली उजेड फेकायचं म्हणतं, कोणी छोटी अणुभट्टी न्यायचं म्हणतं. त्या वायरवर मी पुढचे कित्येक दिवस फुगून होते. तुझ्या दादांना तीनदा ऐकवलं.

तुझं म्हणणं सोपं होतं. हे सगळं होईल तेव्हा होईल, तोवर यंत्राला आपली वीज जेवणाच्या डब्यासारखी बरोबर बांधून त्या अंधारात उतरावं लागणार. "खड्ड्यात उतरणं सोपं हाय, वहिनी. खोदून परत वर याले वीज उरली पाह्यजे." म्हणून तुला एकच आकडा हवा होता. एक बादली माती उचलायला किती वीज लागते. तुझी सगळी नोकरी, सगळे शनिवार, त्या एका आकड्यासाठी.

शेडमध्ये तू विटांचा हौद बांधून घेतलास. आपलीच चुरी चाळून, वीटभट्टीवर तापवून, पार कोरडी करून त्यात भरलीस, वर ताडपत्री घातलीस. यंत्र शेळीएवढं, पुढे चाक, चाकाला डबे. चंद्रावर वजन सहावा हिस्साच भरतं म्हणून ते तुळईला कप्पी लावून दोराने उचलून धरलेलं. मी म्हटलं, हलकं झालं म्हणजे खोदणं सोपं झालं. तू फक्त म्हणालीस, "कर ना चालू." मी बटण दाबलं. चाक चुरीत रुतलं आणि माती वर यायच्या ऐवजी यंत्रच वर आलं, कोंबडीसारखं टुणकन. खोदायला खाली दाबणारं वजन लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी हसून हसून हौदाच्या कठड्यावर बसले आणि तू माझ्या अंगावर चुरी उडवलीस.

मग तू समोरासमोर उलटी फिरणारी दोन चाकं बसवलीस, एकाचा धक्का दुसऱ्याने खायचा. दिवाळीनंतर ते असं चालायला लागलं की पाहत राहावं. डबे शिगोशीग भरून येत. खोदलेल्या चरीची भिंत सरळ उभी राहायची. तू मला हात धरून ओढत न्यायचीस.

"पाय, भिंत कशी उभी राह्यली! चंद्रावरची मातीबी अशीच उभी राह्यते. आपली चुरी अगदी तशीच हाय."

आकडा खाली आला. बंगळुरूची एक छोटी कंपनी खरं यंत्र बांधणार होती, त्यांनी तो मागून घेतला. तू त्या दिवशी तळेगावच्या बाजारातून पेढे घेऊन आलीस. आईंनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "काऊन? ठरलं का कुठी?" तू म्हणालीस, "ठरलं. चंद्राशी." त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला.

आईंचं आणि तुझं ते जुनं. 'दगडाच्या घरातली पोट्टी दगडातच गेली,' असं त्या सगळ्यांना सांगायच्या. तू लग्न केलं नाहीस याचा दोष आई कोणा माणसाला देत नव्हत्या, शेडला देत होत्या. कैक वर्षं त्यांनी तिथे पाऊल टाकलं नाही. या दिवाळीआधीच्या दसऱ्याला मात्र क्रशरच्या यंत्रांची पूजा करताना ताट घेऊन त्या तशाच पुढे चालत शेडमध्ये गेल्या, आणि तुझ्या त्या शेळीलाही हळदकुंकू लावलं. त्या रात्रीच्या जेवणात तू दोन भाकरी जास्त खाल्ल्यास.

त्या पूजेनंतर आणखी काय सुरू झालं ते आपल्यापैकी कोणालाच कळलं नाही. ज्या जागेवर आपलं पोट चालतं त्या जागेवर सकाळी सडा पडला पाहिजे, हा आईंचा नियम. घराचं दार, ऑफिसचा उंबरा, वजनकाटा. आपण उठायच्या आत त्यांचं हे सगळं झालेलं असतं. तू शनिवारी दुपारी यायचीस, तोवर वरचा थर सुकलेला असायचा.

संक्रांतीला तू मुक्कामाला होतीस आणि आपण लवकर उठलो, म्हणून ते दिसलं. सकाळी चहाचे कप घेऊन आपण दोघी शेडमध्ये गेलो, तर आईंनी ताडपत्री नीट घडी घालून बाजूला ठेवलेली, आणि तांब्यातून ओंजळीओंजळीने हौदात पाणी शिंपडत होत्या.

"आई, काय करून राह्यली?"

"सडा टाकून राह्यली. दसऱ्यापासून एक दिवस खंड नाई पडू देला." मग जरा लाजून म्हणाल्या, "शेण नाई टाकलं हो. तुह्या मशीनले चालते का नाई, काय माईत. नुसतं पानी टाकतो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग आईंना म्हणालीस, "बरं केलं, आई." त्या गेल्यावर कप खाली ठेवून कोपरापर्यंत हात चुरीत घातलास आणि मूठ बाहेर काढून उघडलीस. चुरी लाडवासारखी वळली होती. तो तुझा चेहरा मी विसरायचा प्रयत्न करते आहे.

ऑफिसचं दार लावून आपण भांडलो. तू म्हणत होतीस, आकडा गेला. भिंत उभी राहत होती ती पाण्याने, डबे शिगोशीग भरत होते ते पाण्याने. ज्या भिंतीवर तू एवढी नाचलीस तीच तुला फसवत होती. सुरुवातीला एकदा भाजलेली चुरी ताडपत्रीखाली कोरडीच राहणार, असं तू धरून चाललीस, कारण बाहेरच्या जगात चुरीवर कोणी सडा टाकत नाही. मी म्हटलं, "जाऊन आईले सांग आत्ताच. एका मिन्टाचं काम हाय."

"नाई सांगत."

"काऊन?"

"जलमात पयल्यांदा तिनं माह्या कामाले हात लावला, वहिनी. आन् तोच हात चुकला म्हणून सांगू तिले?"

"आई काचेची बाहुली नाई हाय."

"तू सांगजो नको. बंगळुरूवाल्याइले मी सांगतो, पयले कोरड्यात करून पाहू दे. आईले नाई. कबूल?"

मी कबूल म्हटलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेव. मी तेव्हाही नाही म्हटलं आणि पुढे प्रत्येक फोनवर नाही म्हटलं. तू चुरी वर्ध्याला कॉलेजात नेऊन तपासणार होतीस. मग परीक्षा आल्या, मग कॉलेजची गाडी मिळेना, मग तुला ताप आला. दवाखान्यातही ग्लानीतून जाग आली की तेच, आईले सांगजो नको. मी म्हटलं, तू बरी हो, मंग पाहू. ते माझं तुझ्याशी शेवटचं वाक्य निघालं. असं वाक्य शेवटचं असावं का, वैजू? किती चांगलं काही बोलता आलं असतं.

तू गेल्यावर आईंनी काय केलं असेल? तुला जाळून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेडमध्ये होत्या. सुतकात घरच्या दारात सडा नाही, रांगोळी नाही. पण हौदावर पाणी. पूर्वी दोन मिनिटं जायच्या, आता तासभर तिथेच. ताडपत्रीला हात लावून बसतात. यंत्राशी बोलतात की तुझ्याशी, मला ऐकवत नाही. मी खिडकीतून पाहायची आणि मनात तुला शिव्या घालायची.

तेरवीनंतर पल्लवी आली. तुझी ती शेवटच्या वर्षाची पोट्टी, जिच्याबद्दल तू म्हणायचीस की तिला एक गोष्ट सांगावी तर ती तीन प्रश्न विचारते. तिला तू सगळं सांगितलं होतंस, आईंचा सडासुद्धा. माझ्यासमोर बसली आणि ओढणीचं टोक पिळत राहिली. बंगळुरूवाले तुझ्या आकड्यावरून बॅटरी ठरवताहेत. एकदा बॅटरी ठरली की यंत्राचं वजन ठरलं, वजन ठरलं की सगळंच ठरलं. आकडा चुकीचा असेल तर ते यंत्र खाली उतरेल, खोदेल आणि अर्ध्यातच विझून तिथेच राहील. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तुझं नाव असेल.

"काकू, मॅडम म्हणाल्या होत्या, आजींना कळू द्यायचं नाही. पण मग चुरी कोरडी करू कशी? भरली की सकाळी पुन्हा पाणी."

तुझे दादा म्हणाले, शेडला कुलूप लावू. मी म्हटलं, आई कुलपासमोर बसून राहतील. मग म्हणाले, शेडमध्ये साप निघाला म्हणून सांगू. मी म्हटलं, मग त्या दूध घेऊन जातील. तिघंही हसलो, आणि हसल्यावर फार वाईट वाटलं, कारण असल्या गोष्टीत सगळ्यात मोठ्याने तू हसायचीस.

दोन दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत होते. एका बाजूला तू, मेलेली, नको म्हणणारी. मेलेल्या माणसाशी भांडण जिंकता येत नाही, ते आपलं मत बदलत नाही. दुसऱ्या बाजूला तुझा आकडा. मी स्वतःला विचारलं, तू जिवंत असतीस तर यातलं काय टाकलं असतंस. आकडा तू टाकला नसतास. तू आईंना दुखवलं नसतंस हेही खरं. दोन्ही तूच, आणि निवड मी करायची. मला तुझा इतका संताप आला की मी तुझ्या फोटोवरचा हार सरळ करायला गेले आणि न करताच परत आले.

मग काल सकाळी उठले आणि शेडमध्ये गेले. आईंच्या हातात भरलेला तांब्या होता. मी म्हटलं, "आई, आज पानी नोका टाकू." आणि सरळ सांगून टाकलं. चंद्रावर ओला थेंब नाही, असेल ते पाणी दगडासारखं गोठलेलं, म्हणून चुरी हाडासारखी कोरडी लागते. ओल असली की यंत्र चांगलं चालतंसं दिसतं, खरं तसं चालत नाही.

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे माह्या पान्यानं तिचं काम नासलं?"

"नासलं नाई. वेगळं दिसलं."

"तिले माईत होतं?"

"संक्रांतीपासून."

"आन् मले म्हणे, बरं केलं आई." त्या कठड्यावर बसल्या. मी त्यांच्या रडण्याची वाट पाहत होते. आला तो राग. "काऊन नाई सांगतलं तिनं मले? मी काय लेकरू होतो तिचं? तिच्या बापाची दोन बोटं जबड्यात गेली तवा फडकं बांधून नागपूरले मी नेलं त्याइले. मले पान्याचं सांगाले भेली का ते?"

"मीबी तिले तेच म्हटलं होतं, आई."

"मंग?"

मग मी तुझं वाक्य सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा तुझ्या कामाला हात लावल्याचं. तेही सांगायचं नव्हतं, मला माहीत आहे, पण तुझ्यावर एकटीने रागवायला मी तयार होते, त्यांनी रागवावं हे मला सहन होईना. आई पदर तोंडाशी धरून रडल्या. तू गेलीस त्या दिवसापासून त्या अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि बाहेर पहिला टिपर येऊन हॉर्न वाजवत राहिला. वाजू दिला.

नाक पुसून त्यांनी विचारलं, "कोरडी कशी करतेत?"

भाजून, वैजू. तुझी चुरी आम्ही भाजली. लग्नाकार्यातली मोठी कढई काढली, अंगणात तीन दगड मांडले, खाली पऱ्हाट्या पेटवल्या. कापसाच्या काड्या धडधडून जळतात, पण टिकत नाहीत, म्हणून तुझे दादा सारखे भारे आणत होते. पल्लवी तापमान सांगायची आणि आई तिचं ऐकून उलथनं फिरवायच्या. पहिल्याच घाण्याला त्यांनी शिऱ्यासारखं भराभर हलवलं, तर अशी धूळ उठली की सगळे खोकत पळालो. पल्लवी म्हणाली, आजी, हळू. आजी म्हणाल्या, "अवो, मले काय माईत, चंद्र कसा भाजतेत!" मी इतक्या दिवसांनी मनापासून हसले. घाण्यामागून घाणे निघाले, संध्याकाळ झाली, उरलेलं आज सकाळी केलं. आईंना बसा म्हटलं तर ऐकेनात.

दुपारी हौद भरला. पल्लवीने दोर ताणला, कप्पी पाहिली, मीटर लावलं. आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. चाकं फिरली. काही क्षण मला वाटलं, चालतंय, वैजू बरोबर होती. मग पाहिलं तर चर पडतच नव्हती. डबा चुरी उचलायचा तोवर बाजूची चुरी घसरून खड्डा भरून टाकायची. डबे अर्धे रिकामे वर येत होते. तुझी ती सरळ भिंत कुठेच नव्हती. बारीक धूळ चाकाच्या सांध्यांत शिरली, आवाज बदलला, करकर सुरू झाली. मीटर चढत गेलं. मग यंत्र थांबलं.

"थांबली?" आईंनी विचारलं.

"थांबली, आजी."

पुन्हा केलं. पुन्हा थांबलं. आकडा आला तो तुझ्या आकड्याच्या कितीतरी पट. पल्लवीला रडू आवरेना. म्हणाली, मॅडमचं सगळं खोटं ठरलं. मी तिला ओरडले. खोटं नाही, अर्धं राहिलंय, म्हटलं, सांधे झाक, डबे बदल, चल कामाला लाग. ओरडताना माझ्याच लक्षात आलं की हे मी तुझ्या आवाजात ओरडते आहे. वैजू, मी काय सांगू तुला. तू असतीस तर आत्ता चाकाशी उकिडवी बसून धूळ कुठून शिरली ते पाहत असतीस, आणि आम्हाला कोणाला ओळख दाखवली नसतीस. मला ते पाहायचं होतं. बाकी आकडा वर जावो नाही तर खाली जावो.

बंगळुरूला आजच कळवायला हवं होतं. पल्लवीने ऑफिसात माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आधीचा आकडा रद्द समजावा, नवा आकडा असा, बॅटरी ठरवू नये, असं लिहिलं. मग कारणाशी अडली. थोडा विचार करून इंग्रजीत एक ओळ टाकली आणि आम्हाला मराठीत सांगितली: नमुन्यात आर्द्रता आढळली.

आई दारात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत काळे.

"आरद्रता म्हंजे?"

"ओल, आजी."

"ओल काय आपल्या पायानं येते का? असं लिहिलं त वाचणारा म्हणन, बाई ध्यान देत नव्हती." त्या आत आल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "लिही, तिच्या मायनं टाकलं पानी. रोज सकाळी. तिले न सांगता. पोट्टी चुकली नाई म्हणा, माय चुकली. आन् माह्यं नाव टाक खाली, पुरं नाव."

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिही."